उभं राहून बरं वाटतं

माणूस दोन पायांवर ताठ उभा राहिला तेव्हा संस्कृतीची सुरुवात झाली, असं मानायची पद्धत आहे. सरांचं मत असं होतं, की पोटऱ्यांच्या शिरांचं दुखणंही त्याच दिवशी सुरू झालं असणार. हे मत त्यांनी आजवर कुठे बोलून दाखवलं नव्हतं. ज्या सोमवारी ते बोलून दाखवायचं ठरलं होतं, त्याच सोमवारी सकाळी बसमध्ये एक शाळकरी मुलगी त्यांच्याकडे बघून उठली. खरं म्हणजे त्यांच्याकडे नाही, त्यांच्या पायांकडे बघून. सर एका पायावरचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचा पहिल्यावर असं करत होते, आणि हे आपण कुणाला कळू न देता करतो असा त्यांचा वर्षभराचा समज होता. मुलगी तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. सरांना त्या देशाची भाषा येत नव्हती. पण त्या दोन अक्षरांचा अर्थ जगात कुठेही 'बसा आजोबा' हाच होतो. सर त्रेपन्न वर्षांचे होते. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं, हसून नाही म्हटलं, आणि बसले. बसताना तोंडातून एक आवाज निघाला. शेजारच्या माणसानं वळून पाहिलं. सरांनीही, आवाज कुणी काढला ते बघण्यासाठी, थोडं वळून पाहिलं.

नऊ थांबे होते. नऊ थांबे बसायला मिळणार याचा पोटऱ्यांना आनंद झाला होता आणि तो आनंद वर डोक्यापर्यंत येता येता लाज होत होता. आज अकरा वाजता मीटिंग. मीटिंगमध्ये आपण एक वाक्य बोलायचं आहे. एकच. काल रविवारी स्वयंपाकघरात ते घोकून झालं होतं: 'मलाही उभं राहून त्रास होतो.' मराठीत पाच शब्द. इंग्रजीतही फार झाले तर सात-आठ. इतकी वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला सात-आठ शब्द जड जाऊ नयेत. त्यांनी ते वाक्य मनात म्हणून पाहिलं, मग ओठांत म्हणून पाहिलं. उठून उभी राहिलेली मुलगी एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं मोबाइल बघत होती, अगदी आरामात, आणि सरांना वाटलं की हिच्या वयाला आपल्या पायांत शिरा आहेत हेच आपल्याला माहीत नव्हतं.

गावाकडे सर सतरा वर्षं तासिका तत्त्वावर होते, म्हणजे तास घेतला तर प्राध्यापक आणि नाही घेतला तर घरी. कायम होण्याची वाट बघता बघता केस गेले. मग एक दिवस परदेशातल्या एका भाषासंस्थेची जाहिरात आली आणि सर परदेशी गेले. बायकोनं सगळ्या वाडीवस्तीला सांगितलं. परदेशी म्हणजे तिच्या डोळ्यांसमोर जे काही होतं त्यात काच होती, गारवा होता आणि खुर्ची होती. काच होती. गारवाही होता. पहिल्याच आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तिनं विचारलं, "तुमचं केबिन दाखवा ना," तेव्हा सर रिसेप्शनवरच्या मुलीची परवानगी काढून तिच्या फिरत्या खुर्चीत जाऊन बसले आणि मोबाइल लांब धरला. बायको म्हणाली, "अगं बाई, फिरते का?" सरांनी फिरून दाखवलं. तेव्हापासून घरी काही कुरकुर केली की ती म्हणायची, "खुर्चीत बसून तर शिकवायचंय, त्यात कसला आलाय त्रास?"

संस्था दातांच्या दवाखान्यावर, तिसऱ्या मजल्यावर होती. प्रत्येक वर्गाची बाहेरच्या बाजूची भिंत काचेची, आणि काचेपलीकडे बोळात एक लांब गुबगुबीत बाक. त्यावर विद्यार्थ्यांचे आईबाप बसायचे आणि आत शिक्षक बघायचे. आवाज बाहेर जात नसे, त्यामुळे काय शिकवतात ते कळायचा प्रश्न नव्हता. कसं शिकवतात ते दिसायचं. बाकाच्या टोकाला पेटी आणि कार्डं. शिक्षक हसले का, शिक्षक हलले का, शिक्षक कंटाळलेले दिसले का, असं त्यावर लिहून टाकायचं. दर सोमवारी अकरा वाजता डायरेक्टर ती कार्डं वाचून दाखवत. डायरेक्टर आपल्या खुर्चीत बसलेले, शिक्षक अर्धवर्तुळात उभे. ज्याचं कार्ड निघेल त्यानं एक पाऊल पुढे यायचं, ऐकायचं आणि म्हणायचं, 'थँक यू फॉर द फीडबॅक'. एवढंच म्हणायचं. पहिल्या सोमवारी सरांनी त्यापुढे 'पण' म्हटलं होतं, तेव्हा डायरेक्टरांनी दोन्ही हात वर करून, बाळाला बघावं तसं त्यांच्याकडे बघून हसत म्हटलं होतं, "इथे 'पण' नसतं." सरांना ते वाक्य आवडलं होतं. हे आठवून आत्ता बसमध्ये त्यांचे कान तापले. एक माणूस आपल्याला गप्प करत होता आणि आपण त्याच्या वाक्यरचनेचं कौतुक करत होतो.

तर मागे कधीतरी अशाच एका कार्डावर कुणाच्या तरी आईनं लिहिलं, की शिक्षक चार मिनिटं बसले होते. कोण शिक्षक ते लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खुर्च्या सगळ्या वर्गांतून गेल्या. डायरेक्टर म्हणाले, "खुर्चीत ऊर्जा नसते." रोज सात तास, दोन तासांच्या मध्ये दहा मिनिटं, आणि त्या दहा मिनिटांत बाकावरच्या आईबापांशी उभ्याउभ्या गप्पा. खुर्च्या गेल्या तरी एकजण बसत असे. उंच, गोरा, पिंगट दाढीचा. जिन्यातल्या पोस्टरवर त्याचाच फोटो होता, म्हणून बाकीचे शिक्षक त्याला 'पोस्टर' म्हणत. तो टेबलाच्या कडेवर एक मांडी टाकून बसे. त्याच्या कार्डांवर 'मोकळा स्वभाव' असं येई. सरांनी एकदा टेबलाच्या कडेवर टेकून पाहिलं होतं. त्यांच्या कार्डावर 'आजारी आहेत का?' असं आलं. सर एक पाऊल पुढे गेले आणि त्यांनी आभार मानले.

त्यानंतर त्यांनी औषधाच्या दुकानातून पोटऱ्या आवळणारे लांब मोजे आणले. मोजे कातडीच्या रंगाचे होते, फक्त ती कातडी सरांची नव्हती. गुलाबी, मांडीपर्यंत येणारे. रोज सकाळी दार लावून, पलंगावर उताणं पडून, पाय वर करून ते चढवायला वीस मिनिटं लागत आणि तेवढ्यात सरांचा दिवसभराचा स्वाभिमान खर्च व्हायचा. रात्री धुऊन ते न्हाणीघरात, टॉवेलच्या मागे, वाळत घालायचे. टॉवेलच्या मागे, कारण संस्थेनं दिलेल्या त्या घरात आणखी तीन शिक्षक राहायचे आणि त्यांतल्या एक बाई होत्या.

बाई मराठी होत्या. बावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, मग शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली आणि त्यात बाईंची जागा विरघळून गेली. नवरा नव्हता. मुलगा शिकत होता, वसतिगृहात होता. ही नोकरी गेली तर बाईंना जायचं होतं ते बहिणीकडे, बंद करून घेतलेल्या गॅलरीत, जिथे वॉशिंग मशीनच्या शेजारी एक कॉट मावत होती. मागच्या वेळी त्या आठ महिने तिथे होत्या. आणि नोकरी जाणं म्हणजे नुसती नोकरी जाणं नव्हतं. व्हिसा संस्थेच्या नावावर होता. करार संपला, किंवा संपवला, की तीस दिवसांत देश सोडायचा. हे सगळं सरांना माहीत होतं, कारण बाईंनीच सांगितलं होतं, भाजी चिरता चिरता, पावसापाण्याविषयी बोलावं तशा आवाजात. त्या सरांना 'सर' म्हणायच्या आणि सर त्यांना 'बाई'. दोघांनीही एकमेकांचं नाव कधी विचारलं नव्हतं असं नाही, पण ते वापरायची गरज पडली नव्हती.

बाईंची टाच दुखत होती. टाच दुखते यातून काही मोठं घडेल असं कुणाला वाटत नाही. बाईंनाही वाटलं नव्हतं. त्यांनी पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून ठेवली होती आणि घरी आल्या की खुर्चीत बसून तळपायाखाली ती मागेपुढे फिरवत राहायच्या. मग गेल्या सोमवारी त्यांचं कार्ड निघालं: 'शिक्षिका लंगडतात. मुलाच्या मनावर परिणाम होतो.' बाई एक पाऊल पुढे गेल्या, लंगडत, आणि म्हणाल्या, "मला वर्गात एक खुर्ची मिळावी." आभार मानायच्या जागी. डायरेक्टरांनी कार्ड खाली ठेवलं आणि अतिशय गोड आवाजात, पुढच्या सोमवारी आपण यावर सविस्तर बोलू, असं सांगितलं.

काल बाई बाटलीवर पाय फिरवत म्हणाल्या, "सर, एक काम होतं."

"बोला की."

"उद्या तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की तुम्हालाही त्रास होतो. एकटी बाई बोलली की ती कुरकुर. दोघं बोलले की तो प्रश्न."

"मला काही एवढा..." सर म्हणाले.

बाईंनी बाटली फिरवायची थांबवली नाही. "भाषण नको. एक वाक्य. तुम्ही सगळ्यांत जुने. तुम्हाला ते मानतात."

'मानतात' या शब्दानं सरांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून त्यांनी लगेच कबूल केलं. "एक काय, दोन बोलतो," असंही म्हणाले. बाई हसल्या. मग दोघांनी चहा घेतला. सरांना तो चहा आत्ता बसमध्येही जिभेवर जाणवत होता.

थांबा आला. उतरताना त्या मुलीकडे बघून काहीतरी म्हणावं असं सरांना वाटलं, पण तोवर तिच्या जागी दुसरं कुणी उभं होतं.

मीटिंग वेळेवर सुरू झाली. डायरेक्टरांनी आधी दोन चांगली कार्डं वाचली, पोस्टरची. मग हात गुंफून टेबलावर ठेवले आणि बाईंकडे बघत, उभं राहण्यामागचा विचार इंग्रजीत समजावून सांगितला. उभा शिक्षक म्हणजे जागा शिक्षक. आईबाप काय बघतात. ऊर्जा कुठे असते. बाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा, वर्गातला मुलगा चुकीचं उत्तर खूप आत्मविश्वासानं देत असताना बाई करतात तसा होता. डायरेक्टरांना तो वाचता आला नसावा, कारण ते सरांकडे वळले. "तुम्ही दोघं एकाच भाषेचे ना? मुद्दा तिच्यापर्यंत पोचत नाही असं मला वाटतं. तुम्ही तिला तिच्या भाषेत सांगा, आणि ती काय म्हणते ते मला."

म्हणजे इंग्रजीच्या शिक्षिकेला इंग्रजी समजावं म्हणून इंग्रजीच्या शिक्षकानं दुभाषी व्हायचं. कुणीही हसलं नाही. सर एक पाऊल पुढे झाले. कार्ड निघालं नसताना पुढे व्हायची त्यांची ही पहिली वेळ.

"बाई," सर म्हणाले, "तुम्ही ऐकलंतच."

"ऐकलं. पण तुम्हाला काम दिलंय ना, करा."

"ते म्हणतात, उभं राहण्यात ऊर्जा असते."

"त्यांना विचारा, मग ते स्वतः का बसलेत."

सर डायरेक्टरांकडे वळले. आणि त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, की आपण स्वच्छ, सुरेख, कॉलेजात कविता शिकवायचो तशा इंग्रजीत सांगतो आहोत: त्या म्हणतात, ऊर्जेचं महत्त्व त्यांना समजलं आहे. डायरेक्टरांनी मान डोलावली. बाई तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांना शब्दन् शब्द कळत होता. त्या नुसत्या सरांकडे बघत राहिल्या, आता हा पुढे काय करतो ते बघावं तसं.

"आणि तुमचं काय?" डायरेक्टरांनी मोकळेपणानं विचारलं. "तुम्ही तर तिच्याहून मोठे. तुम्हाला उभं राहून काही त्रास?"

इथे ते वाक्य होतं. सरांना ते दिसतही होतं, बसमध्ये म्हणून पाहिलेलं. मोज्यांच्या आत शिरा ठसठसत होत्या, उजव्या गुडघ्याच्या मागे तर कुणीतरी बोट दाबून धरल्यासारखं झालं होतं. सर म्हणाले, "मुळीच नाही. उलट, उभं राहून बरं वाटतं."

"वा," डायरेक्टर म्हणाले.

मग बाई इंग्रजीत म्हणाल्या, "थँक यू फॉर द फीडबॅक." वळल्या, आणि पुढच्या तासाला गेल्या. लंगडणं लपवायचा प्रयत्न केला नाही, किंवा मुद्दाम दाखवायचाही नाही.

त्या दिवसापासून सरांचा मुक्काम त्या 'उलट'पाशी पडला. 'मुळीच नाही' याला काहीतरी सबब मिळाली असती. भीती होती, व्हिसा होता, घरी मुलगी शिकत होती. माणूस नाही म्हणून जातो. 'उलट' कुणी मागितला होता? 'उलट' ही सरांनी आपल्या पदरची घातलेली भर होती. आणि तो म्हणताना आपला आवाज जरा खुलला होता, हे त्यांना आठवे. 'वा' ऐकल्यावर छातीत काहीतरी, पाठीवर थाप पडल्यासारखं, झालं होतं, हेही आठवे. मंगळवारी ते काचेच्या आत उभं राहून भूतकाळाची वाक्यं घेत होते आणि बाहेर बाकावर एक आजी पाय लांब सोडून पेंगत होती. कार्ड तिच्या मांडीवर होतं. सरांनी हसून, हलून, सगळी ऊर्जा दाखवली. आणि एकाएकी त्यांना गावाकडच्या तोंडी परीक्षा आठवल्या. सर टेबलामागे बसायचे, समोर एक खुर्ची असायची, विद्यार्थी यायचा आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहायचा. 'बसा' म्हणायचं राहून जायचं. मुद्दाम नव्हे; सुचायचंच नाही. एका वर्षी एक मुलगी पायाला प्लॅस्टर असताना वीस मिनिटं उभी होती, आणि सरांनी तिला एका कवितेतलं दुःखाचं स्वरूप विचारलं होतं. उत्तर बरं दिलं होतं तिनं. सरांनी वीसपैकी चौदा दिले होते. खुर्ची तिच्या हाताखाली होती. सतरा वर्षं ती खुर्ची तिथे कशासाठी ठेवली होती, असा प्रश्न त्यांना आता, परक्या देशात, भर तासात पडला आणि एक विद्यार्थी म्हणाला, "सर, तुम्ही तेच वाक्य तीनदा लिहिलंत."

घरी बाई पूर्वीसारख्याच होत्या. हे सर्वांत वाईट होतं. एखादा टोमणा मारला असता, भांडं आपटलं असतं, तर सरांनी खाली मान घालून ते ऐकून घेतलं असतं आणि काहीतरी फिटल्यासारखं झालं असतं. पण बाई म्हणायच्या, "सर, चहा ठेवलाय, तुमच्यात साखर घालू?" बाटली पायाखाली फिरत असायची. बर्फ आतून खडखडायचा. सर चहा घेऊन आपल्या खोलीत जायचे. बुधवारी बायकोचा फोन आला, तिला ते म्हणाले, "इथे एक बाई आहेत, त्यांची टाच दुखते." बायको म्हणाली, "त्यांना म्हणावं, तुमच्यासारखी खुर्ची मागून घ्या." सर बराच वेळ फोन कानाला लावून उभे होते. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण घरीसुद्धा उभे आहोत.

गुरुवारी त्यांनी ठरवलं. उद्या सकाळी डायरेक्टरांकडे जायचं, एकट्यानं, आणि सांगायचं: मी खोटं बोललो, बाई म्हणाल्या होत्या की तुम्ही का बसलात, आणि हे माझे पाय. गरज पडली तर पँट वर करायची. पँट वर करण्याचा प्रसंग त्यांनी बसमध्ये पुनःपुन्हा रंगवून पाहिला. त्यात डायरेक्टर खुर्चीतून उठत होते. काही वेळा ते खुर्ची पुढे करत होते. एकदा तर बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, ते सरांनी लगेच खोडलं, जास्त झालं म्हणून. घराचं दार उघडताना त्यांना चार दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटत होतं. आधी बाईंना सांगायचं, मग जेवायचं.

बाई त्यांच्या खोलीत होत्या. पलंगावर कपड्यांचे ढीग, खाली मोठी बॅग उघडी. बाटली खिडकीत वितळत होती.

"बाई, मी उद्या डायरेक्टरांकडे जाणार आहे," सर दारातूनच म्हणाले. "खरं काय ते सांगणार आहे."

"काय खरं?"

"म्हणजे... माझे पाय. मलाही त्रास होतो ते."

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "न्हाणीघरात तुमचे मोजे असतात ना टॉवेलमागे. वर्ष झालं बघतेय. सर, तुमचं वजन किती?"

"बाहत्तर."

"मग बरं झालं आलात. या, बसा यावर."

त्यांनी बॅगेचं झाकण लोटलं. सर बसले. ढीग खाली दबला, बाई गुडघ्यांवर बसून चेन ओढायला लागल्या. चेन कोपऱ्यापाशी अडली.

"पण तुम्ही निघालात कुठे?"

"बहिणीकडे. नोकरी संपल्याचं पत्र दिलं आज. रिसेप्शनवरच्या मुलीनं सही घेतली, काउंटरवर उभ्यानंच. तीस दिवस आहेत, पण खोली त्यांची, ती रविवारपर्यंत सोडायची. जरा डावीकडे सरका."

सर डावीकडे सरकले. "बाई, माझ्यामुळे झालं हे. सोमवारी मी जर ते एक वाक्य..."

"आता उजवीकडे."

"मी उलट म्हणालो. ते म्हणायची काही गरज नव्हती. मी चार दिवस—"

"सर, हलू नका हो, चेन तुटेल," बाई म्हणाल्या. चेन तीन बोटं पुढे आली. मग त्या उठल्या, टेबलावरचा लिफाफा घेतला आणि सरांच्या हातात दिला. "हे वरच्या कप्प्यात ठेवायचंय, विमानतळावर मागतात. तोवर धरा." आणि त्या टाच उचलून धरत कुलूप शोधायला स्वयंपाकघरात गेल्या.

लिफाफा उघडाच होता. सरांनी कागद काढला, कारण निदान आपला उल्लेख कुठे आहे ते त्यांना बघायचं होतं. पत्र दोन भाषांत होतं, डावीकडे त्या देशाच्या, उजवीकडे इंग्रजीत. चार ओळी. नेमणूक संपुष्टात येत आहे, कळावे, शुभेच्छा. वरिष्ठ सहकाऱ्यांचं मत, मीटिंग, खुर्ची, ऊर्जा, यातलं काहीच नव्हतं. खाली डायरेक्टरांची सही होती. सहीखाली, हातानं घातलेली, तारीख होती. सोमवारच्या मीटिंगच्या आधीच्या शुक्रवारची.